मुद्दाम नाही करत तो

“मॅडम, मुद्दाम करतो हो तो.”

डीएमडी, म्हणजे ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, हा स्नायू वर्षागणिक दुबळे करत नेणारा जनुकीय आजार. तो असलेल्या मुलाची आई माझ्यासमोर बसली की पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य येतंच. कधी वैतागून येतं, कधी रडवेल्या आवाजात, कधी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता. गेली सोळा वर्षं मी नौपाड्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. माझी खोली तळमजल्यावर आहे आणि दाराला उंबरा नाही, म्हणून एका न्यूरॉलॉजिस्टनी सुरुवातीला दोन मुलं पाठवली. मग एका आईने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. आता ठाणे, कळवा, ऐरोली, पार घणसोलीपर्यंतची मुलं येतात. त्यांच्या शिकण्या-वागण्यातल्या अडचणीही याच आजाराचा भाग असू शकतात, त्याबद्दल आज लिहायचं आहे, कारण परवा एका आईने विचारलं, “हे आम्हाला आधी कुणी का सांगितलं नाही?”

त्या आईच्या मुलाला इथे मी दादू म्हणते. ते त्याचं नाव नाही, घरचंही नाही. लिहायची परवानगी मात्र तिने मनापासून दिली आहे.

दादू नऊ वर्षांचा. कळव्याला राहतो, मराठी शाळेत चौथीत आहे. वडिलांची रिक्षा आहे, त्याच रिक्षातून त्याला आणतात आणि दारापासून खुर्चीपर्यंत उचलून घेतात. घरात तो भिंतीला धरून, टाचा उचलून चालतो. जिने बंद झालेत. सहाव्या वर्षी निदान झालं तेव्हापासून घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्या पायांकडे आहे, आणि ते साहजिकच आहे.

आई सांगत होती, “शाळेतून आला की मी म्हणते, पाय धू, दप्तरातला डबा काढून ओट्यावर ठेव आणि आजीला सांग चहा झालाय. तर हा पाय धुतो आणि बाथरूमच्या दारात उभा राहतो. नुसता उभा. मी ओरडते, मग रडतो. आणि मॅडम, क्रिकेटच्या मॅचचे स्कोअर विचारा. मागच्या वर्षीचेसुद्धा धडाधड सांगेल. मग याला डब्याचं तेवढं कसं लक्षात राहत नाही? मुद्दामच ना?”

तिचा तर्क चुकीचा नाही. कुणीही असाच विचार करेल. पण मागच्या वर्षीचा स्कोअर आठवणं आणि आत्ता ऐकलेल्या तीन गोष्टी डोक्यात धरून त्यातली पहिली करता करता उरलेल्या दोन सांभाळणं, ही दोन निराळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला आमच्या पुस्तकांत कार्यरत स्मृती म्हणतात. मी पालकांना सांगताना ओंजळ म्हणते. साठवणीचा हंडा मोठा असू शकतो, पण ओंजळ लहान. डीएमडीच्या पुष्कळ मुलांमध्ये नेमकी ही ओंजळ लहान असते, त्यातही कानाने ऐकलेल्या शब्दांसाठी. आकडे ऐकून पुन्हा म्हणणं, ऐकलेली गोष्ट लगेच परत सांगणं, लांब वाक्यातली सूचना पाळणं या ठिकाणी ती अडतात. हाच मुलगा चित्रं बघून, जुन्या ओळखीच्या विषयावर बोलताना हुशार वाटतो, आणि असतोही.

याच्या आड एक गोड वाक्य येतं. नातेवाईक, शेजारी, देवळात भेटणाऱ्या बायका, कधी डॉक्टरही म्हणतात, “पाय साथ देत नाहीत, पण डोकं बघा कसं तल्लख आहे!” प्रेमाने म्हणतात. आईला तेवढाच आधार वाटतो. पण डोकं ठणठणीत आहे हे एकदा ठरलं की मुलाचं प्रत्येक चुकणं खोडीच्या खात्यात जमा होतं. आळशी, हट्टी, लाडावलेला. मी अशा कितीतरी मुलांच्या वह्या पाहिल्या आहेत, ज्यांत शिक्षकांचा लाल शेरा आहे: ‘लक्ष देत नाही’. त्या शेऱ्यामागे काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं.

खरं तर ही गोष्ट नवी नाही. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६० च्या दशकात आपल्या बालरुग्णांचं वर्णन केलं, तेव्हाच त्यांच्यातल्या काहींची बुद्धी मंद वाटते हे नोंदवलं होतं. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ स्नायूंवरच भर राहिला. १९८६-८७ मध्ये हा जीन आणि त्यापासून बनणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन सापडलं आणि मग कळलं की डिस्ट्रॉफिन मेंदूतही काम करतं. म्हणजे अभ्यासात मागे पडणं हे शाळा बुडाल्यामुळे किंवा आजाराच्या दुःखामुळेच येतं असं नाही. ज्या कारणाने पोटऱ्या दुबळ्या होतात, त्याच कारणाची एक शाखा डोक्यात जाते.

दादूच्या जीन तपासणीच्या रिपोर्टवर लिहिलं होतं: एक्सॉन ४५ ते ५२ नाहीत. वडिलांनी विचारलं, याचा अभ्यासाशी काय संबंध? त्यांना मी मध्य रेल्वेचं उदाहरण दिलं, आता सगळ्यांनाच देते. हा जीन म्हणजे ७९ स्टेशनांचा लांब मार्ग समजा. एक्सॉन म्हणजे जीनचा एक तुकडा, तेच एक स्टेशन. मोठं डिस्ट्रॉफिन म्हणजे सीएसएमटीहून सुटणारी गाडी. पण काही गाड्या ठाण्याहूनच सुटतात, काही कल्याणहून. मेंदूत चालणारी छोटी प्रथिनं अशी मधूनच सुटतात. त्यातल्या एकाला डीपी १४० म्हणतात, दुसऱ्याला डीपी ७१. रूळ मुलुंडच्या अलीकडे तुटला तर सीएसएमटीची गाडी पुढे येत नाही, पण ठाण्याहून सुटणारी धावते. रूळ दिव्याला तुटला तर दोन्ही अडकतात. कल्याणच्याही पुढे तुटला तर तिन्ही. म्हणून जीनच्या शेवटाकडे बिघाड असेल तर शिकण्याच्या अडचणींची शक्यता वाढते, आणि डीपी ७१ देखील अडकलं असेल तर त्या जास्त गंभीर असू शकतात. दादूचा रूळ ठाण्याच्या पुढे तुटला आहे.

ते रिक्षावाले, त्यांना हे एका मिनिटात कळलं. लगेच म्हणाले, “म्हणजे माझ्या पोराची ठाणे लोकल पण बंद.” मी सांगितलं, शक्यता वाढते, एवढंच. जीनचा रिपोर्ट म्हणजे मुलाचा निकाल नव्हे. या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८५ च्या आसपास येतो, म्हणजे सर्वसाधारण सरासरीपेक्षा साधारण १५ गुणांनी खाली. पाव ते एक तृतीयांश मुलांमध्ये तो ७० च्या खाली असतो. आणि याच मुलांमध्ये सरासरीच्या वरचीही असतात. शिवाय स्नायूंसारखी ही अडचण वर्षागणिक वाढत जात नाही. हे ऐकल्यावर दादूची आई खुर्चीत मागे टेकून बसली. पायांच्या बाबतीत असं वाक्य तिने कधी ऐकलंच नव्हतं.

आता तपासणीबद्दल. कसोटीतले प्रश्न मी इथे लिहू शकत नाही, लिहिले तर ती कसोटी पुढच्या मुलासाठी निरुपयोगी होईल. पण कशी करते ते सांगते, कारण पालकांनी हे विचारायला हवं.

आमच्याकडे मराठी मुलांसाठी बिने-कामत चाचणी आहे. कामतांनी ती १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली बुद्धिमत्ता चाचणीही वापरतो. तिच्यात तोंडी प्रश्न असतात आणि हाताने करायची कामं असतात: ठोकळे जुळवणं, चिन्हं भरणं, तीही घड्याळ लावून. स्नायू दुबळे असलेल्या मुलाला घड्याळ लावून ठोकळे दिले तर मी काय मोजते? त्याचा खांदा मोजते. आकृती त्याला डोळ्यांनी दिसलेली असते, हात तिथवर पोचत नाही. म्हणून मी वेळेचे आणि बिनवेळेचे गुण वेगळे लिहिते आणि शक्य तिथे नुसतं बोट दाखवून किंवा सांगून उत्तर देता येईल अशी चाचणी घेते. रेव्हनची रंगीत आकृत्यांची पुस्तिका त्यासाठी चांगली. टेबल छातीच्या उंचीला आणते, म्हणजे कोपर टेकतं आणि मनगट मोकळं राहतं. त्यासाठी सुताराकडून चार ठोकळे करून घेतलेत, टेबलाच्या पायांखाली घालायला. एका बैठकीत चाळीस मिनिटांच्या वर नाही. दादूला तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा सकाळी.

सकाळी का, तर दुपारी तो दमतो. आणि थोडी मोठी मुलं असतील तर झोपेची चौकशी केल्याशिवाय मी चाचणीच घेत नाही. छातीचे स्नायू दुबळे होऊ लागले की रात्री श्वास उथळ होतो. मुलगा सकाळी डोकं दुखतं म्हणतो, वर्गात पेंगतो, चिडतो. अशा मुलाला ‘लक्ष न लागण्याचा विकार’ असं लेबल लावणं हा अन्याय आहे. त्याला आधी श्वासाच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं.

माझी एक चूक सांगते. बारा वर्षं झाली, पण ती मला अजून जशीच्या तशी आठवते.

तेरा वर्षांचा मुलगा, व्हीलचेअरवर. सामाजिक परिपक्वतेची एक मोजपट्टी असते, व्हाइनलँड नावाची. भारतात तिचं मालिन यांनी केलेलं रूप वापरतात. त्यात आईला विचारायचं असतं, मुलगा स्वतः कपडे घालतो का, आंघोळ करतो का, आसपास एकटा जातो का. मी विचारत गेले, आई ‘नाही’ म्हणत गेली, मी शून्य लिहीत गेले. अंक फारच खाली आला. तोंडी चाचणीत तो मुलगा साधारण होता, तरी ते दोन अंक शेजारी ठेवून मी ‘सौम्य बौद्धिक अक्षमता’ असं लिहिलं आणि सही केली. शाळेने तो कागद दाखवून त्याला आमच्याकडे ठेवता येणार नाही असं सांगितलं.

दोन महिन्यांनी ती आई परत आली. भांडायला नव्हती आली. म्हणाली, “मॅडम, त्याला बटण लावता येत नाही, हे मला माहीत आहे. पण मी घाईत शर्ट उलटा घातला तर ‘आई, उलटा आहे’ हे तोच सांगतो. हे तुम्ही कुठे लिहिलंत?”

कुठेच लिहिलं नव्हतं. त्या मुलाच्या दंडातला अशक्तपणा मी त्याच्या बुद्धीच्या नावावर टाकला होता. रिपोर्ट दुरुस्त करून दिला, शाळेत स्वतः जाऊन बोलले, पण त्याचं एक वर्ष गेलं ते गेलंच.

तेव्हापासून मी प्रश्न बदलून विचारते. आंघोळ करतो का, असं नाही. आंघोळीची वेळ झाली हे त्याला कळतं का? पाणी गरम-गार सांगतो का? कोणते कपडे हवेत ते ठरवतो का? दुकानात वडिलांबरोबर गेला तर सुट्टे किती परत यायचे ते सांगतो का? दुसऱ्याच्या हातांनी का होईना, काम करून घेतो का? मूळ मोजपट्टीचे गुण मी देते, पण खाली ठळक लिहिते की कोणते गुण केवळ स्नायूंमुळे गेले. कोणत्याही पालकांनी असा रिपोर्ट हातात घेतला की हे वाक्य त्यात आहे का ते बघावं आणि नसेल तर बिनदिक्कत मागावं.

वागणुकीचं मोजमाप याहून अवघड, कारण त्यात औषध मिसळलेलं असतं. स्टेरॉइडमुळे ही मुलं जास्त दिवस चालू शकतात, त्यामुळे ते थांबवा असं मी कधीच म्हणत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट ही स्टेरॉइडं सुरू झाल्यावर भूक वाढते, झोप बिघडते, काही मुलं आग्यामोहोळासारखी उठतात. दादूला डॉक्टरांनी १० दिवस गोळी, १० दिवस बंद असं दिलं आहे. मी आईला कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत रोज एक खूण करायला सांगितली. रडारड झाली तर फुली, दिवस बरा गेला तर टिंब. दीड महिन्याने ते पान घेऊन ती आली. फुल्या गोळीच्या दिवसांत जास्त होत्या, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तर फारच. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. ठरलेलं बदललं की तो कोलमडायचा. रविवारी तलावपाळीला जायचं ठरलं आणि पाऊस आला, तर दोन तास एकच वाक्य. ते गोळीचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं.

डीएमडीच्या मुलांमध्ये लक्ष टिकवण्याच्या अडचणी, स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) छटा, तेच तेच विचार आणि चिंता हे सगळं इतर मुलांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतं. दादूची त्यासाठीही तपासणी केली. स्वमग्नता नाही. चिंता आहे, आणि बदल झेपत नाही. त्यावर काम करता येतं, पण आधी ते ‘हट्ट’ या शब्दातून बाहेर काढावं लागतं.

मोठ्या मुलांना मी थोडा वेळ एकट्याने भेटते. आईवडील बाहेर बसतात, बहुतेकदा नाराजीनेच. ऐरोलीच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने दार बंद झाल्याबरोबर विचारलं, “माझ्या घरच्यांना माहीत आहे का, की मला माहीत आहे?” त्याने आपल्या आजाराचं सगळं मोबाइलवर वाचलं होतं, दोन वर्षांपूर्वीच. आईवडील समजत होते की त्याला फक्त ‘अशक्तपणा’ माहीत आहे. तो त्यांना दुःख होऊ नये म्हणून गप्प, ते त्याला दुःख होऊ नये म्हणून गप्प. शाळेची तक्रार होती की हा हल्ली कशातच भाग घेत नाही. त्या दिवशी मी कुठलीही चाचणी काढली नाही.

प्रौढांचंही असंच असतं, पण ते माझ्याकडे क्वचित पोचतात. मायोटोनिक डिस्ट्रॉफी हा स्नायूंचाच, पण वेगळा आजार; त्याचा पहिला प्रकार १९ व्या गुणसूत्रावरचा. महापेला एका कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांना त्यांच्या पत्नीने आणलं होतं. दिवसा झोप अनावर, कशातच पुढाकार नाही, वीजबिल भरायचं तर चार दिवस तसंच पडून. घरात ‘आळशी’ हा शब्द रुळलेला. हात मिळवला तर त्यांची मूठ लवकर सुटत नव्हती, आणि चेहऱ्याचे स्नायू दुबळे असल्यामुळे बायकोला वाटायचं की यांना आपल्या बोलण्याचं काही वाटतच नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, मला काहीच त्रास नाही. अशा वेळी घरच्या माणसाची प्रश्नावली वेगळी भरून घ्यायलाच हवी. दिवसाची झोप आणि पुढाकार न घेणं, दोन्ही त्या आजारात येतात. त्या बाई घरी जाताना नवऱ्याचा हात धरून गेल्या, एवढं मी पाहिलं.

निदान झाल्यावर पहिल्या वर्षातच अशी तपासणी एकदा करून ठेवावी, म्हणजे पुढे बदल झाला तर तुलनेला काही हाताशी असतं. शाळेत घालताना आणि शाळा बदलताना पुन्हा. यासाठी खासगी क्लिनिकच हवं असं मुळीच नाही. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण, वेगळी आहे. मुलाला दोन्ही असतील तर दोन्ही नोंदवून घ्या. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ या सवलती दहावीत लागतात, पण कागद तेव्हा गोळा करायला गेलात तर धावपळ होते.

दादूचं पुढे काय झालं ते सांगते. घरी स्वयंपाकघराच्या दाराला त्याच्या आजीने एक पाटी अडकवली आहे. तिच्यावर तीन चित्रं खडूने काढलेली: पाय, डबा, कप. आजीला लिहिता येत नाही, म्हणून चित्रं, आणि ती शब्दांपेक्षा जास्त उपयोगी पडली. एक झालं की तो बोटाने पुसतो. आई म्हणाली, आता दारात उभा राहतो तो पाटीकडे बघायला.

पाचवीत वर्ग बदलणार म्हणून वडिलांनी शाळेसाठी पत्र मागितलं. अकरा पानांचा इंग्रजी रिपोर्ट तयार होता, पण तो कोण वाचणार? मी मराठीत एक पान लिहिलं. एका वेळी एकच सूचना द्या. फळ्यावर लिहा, तोंडी नको. गोष्ट ऐकवून प्रश्न विचारायचे तर गोष्ट त्याच्यासमोर उघडी ठेवा. तास बदलणार असेल तर पाच मिनिटं आधी सांगा. गणित त्याला येतं, उदाहरणाचं वाक्य लांब असेल तर तोडून वाचून दाखवा. आणि शेवटी: तो मुद्दाम करत नाही.

आठवड्याने नव्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. पत्र मिळालं म्हणाल्या, मग थोडं थांबून विचारलं, “मॅडम, म्हणजे त्याला गृहपाठ कमी देत जाऊ का?”

“नको. सगळ्यांना देता तेवढाच द्या,” मी म्हटलं. “फक्त एकेक करून द्या.”